थकलेला आयकर आणि पगाराची जप्ती

भारताच्या संविधानातील 265 वा अनुच्छेद अवघ्या एका ओळीचा आहे. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसविता येणार नाही, एवढे सांगून तो थांबत नाही; कायद्याच्या अधिकाराखेरीज तो वसूलही करता येणार नाही, असेही तो त्याच दमात बजावतो. कर किती असावा, कोणावर असावा, त्यात सवलती कोणत्या असाव्यात, यांवर आपल्याकडे दर अर्थसंकल्पाच्या सुमारास पुष्कळ चर्चा होते. परंतु एकदा ठरलेला कर थकल्यानंतर तो कोणत्या रीतीने व कोणत्या मर्यादेपर्यंत वसूल केला जातो, याविषयी नोकरदार माणूस बहुधा अनभिज्ञ असतो. एखाद्या महिन्यात पगारपत्रकावर आयकर थकबाकीच्या नावाने एक अनोळखी कपात उमटते, तेव्हा कुठे त्याला या अनुच्छेदाच्या उत्तरार्धाचे महत्त्व जाणवते. पगार हेच ज्यांच्या घराचे एकमेव उत्पन्न आहे, अशा लक्षावधी कुटुंबांशी या विषयाचा संबंध असल्यामुळे त्याची मांडणी जरा विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते.

आयकर या देशात प्रथम आला तो 1860 साली. सत्तावन्नच्या उठावामुळे रिता झालेला खजिना भरून काढण्यासाठी व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील वित्तसदस्य जेम्स विल्सन यांनी तो बसविला. पुढे 1886 चा आणि 1922 चा असे दोन महत्त्वाचे अधिनियम झाले. 1922 च्या अधिनियमाखाली आयकर अधिकारी थकबाकीचा दाखला कलेक्टरकडे पाठवीत असे आणि कलेक्टर ती रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल करीत असे. म्हणजे सारा थकविणाऱ्या शेतकऱ्यावर मामलेदार कचेरीची जी तगादा-जप्ती-लिलावाची कारवाई होई, तीच शहरातल्या कारकुनावर वा व्यापाऱ्यावर होऊ शके. 1961 च्या अधिनियमाने या कामासाठी करवसुली अधिकारी हे पद निर्माण केले आणि त्याच्या कार्यपद्धतीचे नियम दुसऱ्या अनुसूचीत घालून दिले. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर अधिनियम अमलात आला असून कलमांचे क्रमांक त्यात बदलले आहेत. वसुलीची मूळ चौकट मात्र तीच राहिली आहे. वकील, कर सल्लागार आणि जुन्या नोटिसा अद्याप ज्या क्रमांकांनी बोलतात, ते 1961 च्या अधिनियमाचेच असल्यामुळे या लेखातही तेच योजले आहेत.

नोकरदार माणसाचा कर तर पगारातून महिन्याच्या महिन्याला कापला जातो. मग त्याच्याकडे थकबाकी राहते कशी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. राहण्याची कारणे अनेक असली तरी सर्वांत सामान्य कारण नोकरी बदलण्याचे असते. वर्षाच्या मध्यास एक कंपनी सोडून दुसरीत गेलेल्या माणसाने आधीच्या पगाराची माहिती नव्या मालकास दिली नाही, तर करमुक्त मर्यादेचा व प्रमाणित वजावटीचा लाभ दोन्ही मालक आपापल्या हिशेबात स्वतंत्रपणे देतात. दोन्ही मालकांनी दिलेले कर-कपातीचे दाखले, म्हणजे फॉर्म 16, आपापल्या जागी बिनचूक असतात, पण एकत्र केल्यावर कर कमी पडतो, आणि त्या कमी पडलेल्या करावर व्याजही चढलेले असते. मुदत ठेवींवरचे व्याज विवरणपत्रात दाखवायचे राहून जाणे, जुन्या वर्षाच्या चलनावर चुकीचे वर्ष पडल्यामुळे भरलेली रक्कम खात्यात न दिसणे, कोणा मध्यस्थाच्या सल्ल्याने घरभाड्याची किंवा देणगीची खोटी वजावट मागून परतावा घेणे आणि दोन-तीन वर्षांनी तो व्याजदंडासह परत मागितला जाणे, हीही कारणे नित्याची आहेत. यांपैकी शेवटच्या प्रकारात सहानुभूतीला फारशी जागा नाही. बाकीच्या प्रकारांत माणूस लबाड नसतो, बेसावध असतो.

थकबाकीचा जन्म होतो तो मागणीच्या नोटिशीने, म्हणजे कलम 156 खालील नोटिशीने. विवरणपत्राच्या प्राथमिक छाननीनंतर कलम 143(1) खाली जी सूचना येते, तीत कर देय निघत असेल तर तीच मागणीची नोटीस समजली जाते. आता हे कागद पोस्टमन घेऊन येत नाहीत. ते आयकर खात्याच्या पोर्टलवर व नोंदविलेल्या ई-मेलवर येतात, आणि ते तेथे पोहोचले म्हणजे बजावणी झाली असे कायदा मानतो. येथेच घोटाळा होतो. पोर्टलवर नोंदविलेला ई-मेल व मोबाइल क्रमांक कित्येकदा विवरणपत्र भरून देणाऱ्या कर सल्लागाराचा असतो, तो सल्लागार पुढे बदललेला असतो, आणि नोटिसा अशा पेटीत साचत राहतात की जी कोणीच उघडून पाहत नाही. वसुली अधिकाऱ्याच्या दप्तरी मात्र बजावणी पूर्ण झालेली असते आणि घड्याळ चालू असते. म्हणून वाचकांस माझी पहिली विनंती ही की, सल्लागार कितीही विश्वासू असला तरी पोर्टलवर स्वतःचाच ई-मेल आणि स्वतःचाच मोबाइल क्रमांक नोंदवावा. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक घालण्याची पद्धत सुरू झाली आहे. आलेली नोटीस खरी की बनावट, हे पोर्टलवर तो क्रमांक घालून कोणासही पडताळता येते. बनावट नोटिशीने घाबरून पैसे गमावणारे लोक आहेत आणि खऱ्या नोटिशीला बनावट समजून दुर्लक्ष करणारेही आहेत. दोघांनाही ही पडताळणी उपयोगी आहे.

मागणीची नोटीस बजावल्यापासून तीस दिवसांत रक्कम भरावयाची असते. ती मुदत टळली की करदाता कलम 220(4) अन्वये कसूरदार मानला जातो, थकलेल्या रकमेवर दरमहा एक टक्का दराने सरळ व्याज सुरू होते आणि महिन्याचा एखाददुसरा दिवसही पूर्ण महिना म्हणून धरला जातो. एक लाख वीस हजारांच्या थकबाकीवर हे व्याज महिन्याला बाराशे आणि वर्षाला चौदा हजार चारशे रुपये होते. शिवाय कलम 221 खाली दंड आकारता येतो, ज्याची कमाल मर्यादा खुद्द थकलेल्या कराच्या रकमेइतकी आहे. अर्थात या तीस दिवसांचे मोल व्याजापेक्षाही अधिक आहे, कारण करदात्याच्या हाती असलेले बहुतेक उपाय याच अवधीत सर्वांत प्रभावी असतात.

मागणीच चुकीची असेल, उदाहरणार्थ भरलेले चलन किंवा कापलेला कर हिशेबात धरलेला नसेल, तर पोर्टलवर थकीत मागणीला उत्तर देण्याची सोय आहे. तेथे मागणी मान्य नसल्याचे कारणांसह नोंदवावे आणि कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करावा. हा अर्ज ज्या वर्षी आदेश झाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत करता येत असला, तरी वसुली चार वर्षे कोणासाठी थांबत नसते. मागणी हिशेबाने बरोबर पण तत्त्वतः अमान्य असेल, तर अपील आयुक्तांकडे फॉर्म 35 मध्ये अपील करावयाचे, त्याचीही मुदत तीसच दिवसांची. आणि मागणी खरी आहे, मान्यही आहे, केवळ एकरकमी भरण्याची ऐपत नाही, अशी स्थिती असेल, तर कलम 220(3) अन्वये मुदतवाढ किंवा हप्ते मागता येतात. मात्र हा अर्ज तीस दिवसांची मुदत संपण्यापूर्वी झाला पाहिजे, असे कायद्याचे शब्द आहेत. मुदतीनंतर अधिकारी हप्ते देतच नाहीत असे नाही. पण तेव्हा तो त्यांच्या सौजन्याचा भाग होतो आणि मागणाऱ्याचा पाय भुसभुशीत जमिनीवर असतो.

हप्त्यांचा अर्ज कसा असावा, याविषयी दोन शब्द. आपली परिस्थिती हलाखीची असून साहेबांनी दया करावी, अशा आर्जवाचा अर्ज अधिकाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नसतो, कारण त्याला आपल्या निर्णयाची कारणे कागदावर दाखवावी लागतात. त्याला हवे असते ते गेल्या सहा महिन्यांचे पगारपत्रक, घरकर्जाच्या हप्त्याचा दाखला, मुलांच्या शुल्काच्या व औषधोपचाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, आणि या सर्वांच्या आधारे मांडलेले असे वेळापत्रक की जे पाळले जाण्याचा संभव आहे. पहिला हप्ता अर्जाबरोबरच भरून त्याचे चलन जोडले, तर अर्जदाराची सचोटी शब्दांवाचून सिद्ध होते. थकबाकी अनिवार्य परिस्थितीमुळे राहिली असेल, व्याज भरल्याने खरोखरीची हलाखी ओढवत असेल आणि करदात्याने चौकशीत व वसुलीत सहकार्य केले असेल, तर कलम 220(2अ) अन्वये व्याज कमी वा माफ करण्याचा अधिकार आयुक्त व त्यांच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना आहे. दीर्घ आजारात किंवा नोकरी गेल्यामुळे कर थकलेल्या माणसाने हे कलम विसरू नये.

अपील केले म्हणजे वसुली आपोआप थांबते, ही समजूत फार रूढ आहे आणि ती निखालस चुकीची आहे. स्थगितीसाठी कलम 220(6) खाली वेगळा अर्ज करावा लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 31 जुलै 2017 च्या सूचनेनुसार विवादित मागणीच्या वीस टक्के रक्कम भरली असता अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती देण्याचा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु वीस टक्के ही काही पाषाणरेषा नव्हे, प्रकरण पाहून त्याहून कमी रकमेवरही अधिकारी स्थगिती देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर या क्षेत्रात विशेष दक्षता दाखविली आहे. स्थगितीचा अर्ज कारणे देऊन निकालात काढावा, अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि स्थगितीचा अर्ज नाकारल्यानंतर वरिष्ठांकडे दाद मागण्यास पुरेसा अवकाश मिळेपर्यंत सक्तीची वसुली करू नये, बँक खाते जप्त केल्यावर पैसे काढून घेण्यापूर्वी करदात्यास वाजवी सूचना द्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे त्या न्यायालयाने 2001 आणि 2012 सालच्या निर्णयांतून घालून दिली आहेत, आणि अधिकाऱ्याने केवळ कर गोळा करणाऱ्याच्या भूमिकेतून वागू नये, अर्धन्यायिक अधिकारी म्हणून दोन्ही बाजू तोलाव्यात, असेही बजावले आहे. स्थगितीच्या अर्जात या निर्णयांचा उल्लेख करणे महाराष्ट्रातील करदात्यास नेहमी लाभाचे ठरते.

इतके मार्ग असूनही कोणताच अनुसरला गेला नाही, किंवा अनुसरूनही अपयश आले, म्हणजे सक्तीच्या वसुलीचा प्रारंभ होतो. करवसुली अधिकारी जंगम मिळकत जप्त करू शकतो, स्थावर मिळकतीचा लिलाव करू शकतो, मिळकतीवर रिसीव्हर नेमू शकतो आणि अगदी शेवटच्या पायरीस कसूरदारास दिवाणी तुरुंगात ठेवू शकतो, जरी स्त्रियांना व अज्ञानांना या अटकेतून दुसऱ्या अनुसूचीने वगळले आहे. परंतु पगारदार माणसाच्या बाबतीत हा सगळा खटाटोप सहसा लागत नाही, कारण त्याचे उत्पन्न कोठून, कधी आणि किती येते, हे खात्यास फॉर्म 16 वरून बसल्या जागी ठाऊक असते. कलम 226(2) अन्वये अधिकारी मालकास लेखी फर्मावतो की, या कर्मचाऱ्यास यापुढे जे वेतन द्याल त्यातून थकबाकी कापून ती सरकारजमा करा. मालकाला येथे स्वेच्छा नाही. त्यास ते पत्र मानावेच लागते, आणि लेखा विभागातील कारकुनाशी वाद घालून कर्मचाऱ्यास काहीच साधत नाही. दाद मागावयाची ती पत्र पाठविणाऱ्या अधिकाऱ्याकडे.

मात्र याच उपकलमास जोडलेले परंतुक नोकरदाराचे खरे कवच आहे. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, म्हणजे आपण ज्याला दरखास्त म्हणतो त्या कारवाईत, वेतनाचा जो भाग 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने जप्तीतून मुक्त ठेवला आहे, तो आयकराच्या वसुलीसाठीही कापता येत नाही. तो भाग म्हणजे वेतनाचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश. उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या एका कारखान्यातील लेखापालाचे मासिक वेतन 46,000 रुपये आहे आणि त्याच्याकडे एक लाख वीस हजारांची थकबाकी आहे, असे समजू. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून भत्त्यांची व निधीची गुंतागुंत बाजूस ठेवू. पहिले हजार सोडून उरतात 45,000; त्यांचे दोन तृतीयांश 30,000. एकूण 31,000 रुपयांस कोणी हात लावू शकत नाही, आणि जप्तीस पात्र उरतात 15,000. मूळ थकबाकी फिटण्यास आठ महिने लागतील आणि त्या काळातील व्याज वर राहील.

कागदावर हा हिशेब माणुसकीचा दिसतो. पण त्या लेखापालाचे पगारपत्रक जवळून पाहिले तर चित्र बदलते. त्यात 200 रुपये व्यवसाय कर कापलेला असतो, जो महाराष्ट्राने 1975 च्या अधिनियमाने रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी बसविला. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेच्या कर्जाचा पाच हजारांचा हप्ता असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 अन्वये सभासदाने कर्ज घेताना लिहून दिलेल्या कराराच्या आधारे तो मालकाकडून थेट कापला जातो आणि आयकराच्या जप्तीमुळे तो थांबत नाही. पगार बँकेत जमा झाल्याबरोबर घरकर्जाचे चौदा हजार परस्पर वळते होतात. कायद्याने सुरक्षित ठेवलेल्या एकतीस हजारांतून एवढे गेल्यावर किराणा, शाळा, वीज, औषधे आणि गावाकडच्या आईवडिलांसाठी पाठवायची रक्कम, या सगळ्यांसाठी बारा हजारांच्या आतच काही तरी हाती उरते. जप्तीचा आदेश येण्यापूर्वीच अधिकाऱ्याकडे जाऊन सात-आठ हजारांचे हप्ते ठरवून घेण्यात जो शहाणपणा आहे, तो या आकड्यांवरून ध्यानात यावा.

कलम 60 चे संरक्षण पगारापुरतेच नाही. भविष्य निर्वाह निधीतील सक्तीची वर्गणी, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन, आयुर्विम्याची रक्कम, मजुरांचे व घरगुती नोकरांचे वेतन हे सारे जप्तीबाहेर आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचारानुसार स्त्री अंगावेगळे करू शकत नाही असे दागिने, ज्यात आपल्याकडे मंगळसूत्र येते, हेही 1908 पासून वगळलेले आहेत, आणि दुसऱ्या अनुसूचीच्या दहाव्या नियमाने ही सारी सूट करवसुलीलाही लागू केली आहे. पगारासंबंधी आणखी एक तरतूद आहे: वेतनाचा जप्तीयोग्य भाग सलग वा खंडशः एकूण चोवीस महिने जप्तीखाली राहिला, तर पुढील बारा महिने त्यास हात लावता येत नाही, आणि जप्ती एकाच हुकूमनाम्यासाठी असेल तर तो त्यापुरता कायमचा मुक्त होतो. ही तरतूद हुकूमनाम्याच्या भाषेत लिहिली असली, तरी दीर्घकाळ चाललेल्या करवसुलीत तिचा मुद्दा मांडण्यास परंतुकाच्या शब्दांनी वाव दिला आहे असे माझे मत आहे.

आता या व्यवस्थेतील सर्वांत दुखऱ्या जागेकडे वळू. पगार मालकाच्या हातात असेतो त्याच्या दोन तृतीयांशाला संरक्षण आहे. तोच पगार एक तारखेस बँकेत जमा झाला की अधिकाऱ्याच्या हाती कलम 226(3) चे वेगळे साधन येते. करदात्याचे पैसे ज्याच्याकडे आहेत अशा कोणाही त्रयस्थास, मग ती बँक असो, भाडेकरू असो वा देणेकरी असो, ते परस्पर सरकारजमा करण्याची नोटीस या उपकलमाखाली काढता येते. इंग्रजी अमदानीपासून वकिलांच्या तोंडी असलेली गार्निशी नोटीस ती हीच. बँकेला अशी नोटीस आली की खात्यातली रक्कम पगाराची आहे, आईच्या उपचारांसाठी भावाने पाठविलेली आहे, की ठेवीची आहे, हे बँक पाहत बसत नाही. ती खाते गोठविते. संहितेतील स्पष्टीकरणानुसार वेतनाची सूट ते देय होण्यापूर्वी व झाल्यानंतरही आहे, परंतु हा युक्तिवाद करदात्याने स्वतः पुढे येऊन केल्याखेरीज त्याच्या वतीने कोणी करीत नाही. म्हणून खाते गोठल्याचे कळताच त्याच दिवशी बँकेचा उतारा व पगारपत्रक जोडून, जमा रक्कम वेतनाची असल्याचे व कलम 60 प्रमाणे तिचा अमुक भाग मुक्त असल्याचे आकडेवार दाखवून, अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. नोटिशीची एक प्रत करदात्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठविणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती मिळाली नसेल तर तोही मुद्दा अर्जात यावा. पतीपत्नीचे संयुक्त खाते असेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत दोघांचे हिस्से समान मानले जातात. पत्नीची मिळकत त्यात अधिक असल्यास तसा पुरावा देऊन तिचा हिस्सा सोडवून घेता येतो.

ज्यात करदात्याचा यत्किंचितही दोष नाही, असाही थकबाकीचा एक प्रकार आहे आणि तो मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. मालक पगारातून कर कापतो, पण सरकारात भरत नाही. बुडीत निघालेल्या कंपन्यांत हे वारंवार घडले आहे. करदात्याच्या नावे जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, म्हणजे फॉर्म 26 एएस मध्ये, त्या कपातीची नोंद नसते, संगणक ती धरीत नाही आणि कर्मचाऱ्यास पुन्हा तोच कर भरण्याची मागणी येते. कलम 205 स्पष्ट सांगते की, उत्पन्नातून जितका कर कापला गेला असेल तितका कर करदात्याकडून पुन्हा मागता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली याच अर्थाचा निर्णय एका पगारदाराच्या बाजूने दिला, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही 2015 व 2016 मध्ये आपल्या अधिकाऱ्यांस अशी वसुली न करण्याचे लेखी निर्देश दिले. मालकाकडून वसुली करणे हे खात्याचे काम आहे. तरीही अशा मागण्या निघतच राहतात. त्यामुळे कपात दाखविणारी पगारपत्रके आणि निव्वळ पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे नोकरी सोडल्यावरही वर्षानुवर्षे जपून ठेवणे, हाच कर्मचाऱ्याचा एकमेव भक्कम पुरावा होय.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या वाट्याला येणारी पद्धत याहून भिन्न आहे आणि तुलनेसाठी ती जाणून घेण्यासारखी आहे. तेथील आयआरएस ही केंद्रीय करवसुली संस्था न्यायालयात न जाता पगारावर टाच आणते. त्यापूर्वी अंतिम नोटीस देऊन सुनावणी मागण्यास तीस दिवस देते. सामान्य धनकोला तेथे खर्चयोग्य वेतनाच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, पण ही मर्यादा कराला लागू नाही. उलट कर्मचाऱ्यास किती ठेवायचे ते ठरते, आणि बाकीचे सर्व सरकार घेते. ठेवायची रक्कम विवरणपत्राचा प्रकार आणि अवलंबून असलेल्यांची संख्या यांवरून काढली जाते, दरवर्षी नवी कोष्टके प्रसिद्ध होतात, आणि मालकाने दिलेले कुटुंबाच्या माहितीचे पत्रक कर्मचाऱ्याने तीन दिवसांत भरून दिले नाही, तर त्याच्यावर कोणीच अवलंबून नाही असे धरून हिशेब होतो. टाच आली की ती कर फिटेपर्यंत किंवा उठविली जाईपर्यंत दर पगारास चालू राहते. तिचा कठोरपणा उघड आहे. चांगल्या पगाराच्या माणसाचा तेथे अर्ध्याहून अधिक पगार जाऊ शकतो. पण घरात खाणारी तोंडे किती आहेत याचा विचार तिच्यात आहे, आणि आकडा महागाईबरोबर दरवर्षी हलतो. आपल्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी नाहीत.

लहानसहान जुन्या थकबाकीचे ओझे आपल्या सरकारनेही एकदा स्वतः होऊन उतरविले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये कर निर्धारण वर्ष 2010-11 पर्यंतच्या प्रत्येकी पंचवीस हजारांपर्यंतच्या आणि 2011-12 ते 2015-16 च्या प्रत्येकी दहा हजारांपर्यंतच्या मागण्या, एका करदात्यास एकूण एक लाखाच्या मर्यादेत, रद्द करण्यात आल्या. ज्यांचा परतावा अशा एखाद्या विस्मृतीत गेलेल्या मागणीपोटी कलम 245 खाली वर्षानुवर्षे वळता होत होता, त्यांना त्याचा दिलासा मिळाला. ज्यांच्या नावे अशी जुनी मागणी अद्याप पोर्टलवर दिसत असेल, त्यांनी तक्रारीसाठी असलेल्या ई-निवारण या सोयीचा उपयोग करून ती काढून टाकण्याचा आग्रह धरावा.

राहिला प्रश्न त्या पहिल्या एक हजार रुपयांचा. पूर्वी हा आकडा चारशेचा होता. 1999 च्या दुरुस्तीने तो हजार झाला आणि 1 जुलै 2002 पासून अमलात आला. त्यानंतर सरकारी नोकरांच्या वेतनाची दोनदा पुनर्रचना झाली, महागाई भत्ता कितीदा तरी वाढला, करमुक्त उत्पन्नाची मर्यादा अनेकवार बदलली, आणि 2025 साली तर संपूर्ण आयकर अधिनियम नव्याने लिहिला गेला. परंतु जप्तीतून सर्वप्रथम वगळावयाची ही रक्कम जागची हलली नाही. हजार रुपयांत आज चौघांच्या कुटुंबाचे चार दिवसही धड निभत नाहीत. उत्पन्न जितके कमी, तितका या पहिल्या रकमेचा आधार मोठा असावयास हवा, आणि नेमका तेथेच तो नाममात्र उरला आहे. संसदेने हा आकडा महागाईच्या निर्देशांकाशी जोडावा, आणि तोच न्याय बँकेत जमा झालेल्या वेतनासही निःसंदिग्ध शब्दांत लागू करावा, अशी मागणी कामगार संघटनांनी व नोकरदारांच्या संस्थांनी आता लावून धरली पाहिजे.